चार जुन्या डॅनिश खुर्च्या: कारखाना आणि रचनाकार कसा ओळखावा?

नौपाडा, ठाणे (प्रश्न)

नमस्कार. माझे मामेसासरे पवईच्या एका कारखान्यात नोकरीला होते आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस मायदेशी परतणाऱ्या एका डॅनिश कुटुंबाकडून त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या विकत घेतल्या होत्या. त्या आता आमच्याकडे आल्या आहेत. खुर्च्यांना हात नाहीत, पाठीची वरची पट्टी सुंदर वळवलेली आहे आणि बैठक कागदाच्या पिळदार दोरीने विणलेली आहे. एकीची दोरी पुढच्या कडेला तुटली आहे. उलट्या करून पाहिल्यावर दोन खुर्च्यांच्या आतल्या पट्टीवर काहीतरी डागल्यासारखी काळपट खूण दिसते, पण जुन्या पॉलिशचा थर इतका जाड आहे की अक्षरे लागत नाहीत. तिसरीवर एक लहान गोल चकती असून तिच्यावर ‘डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल’ असे लिहिले आहे.

हेच कारखान्याचे नाव समजायचे का? घरच्यांचे म्हणणे असे की लाकूड सागवान आहे, म्हणजे त्या इथल्याच सुताराने बनवल्या असाव्यात. पॉलिशवाले सोमवारी येऊन सगळे घासून नव्यासारखे करून देतो म्हणाले आहेत.

वाशी, नवी मुंबई

ताई, आधी पॉलिशवाल्यांना नको म्हणून कळवा. बाकीचे सावकाश बोलता येईल. खुर्चीची ओळख पटवणारा जवळजवळ सगळा पुरावा बैठकीच्या खाली, आतल्या पट्ट्यांवर असतो आणि पॉलिश पेपर फिरला की तो परत मिळत नाही.

चकतीवरचे नाव कारखान्याचे नाही. ती १९५९ साली सुरू झालेल्या डॅनिश दर्जा-नियंत्रण व्यवस्थेची खूण आहे आणि ती अनेक कारखान्यांच्या मालावर आढळते. तिच्यावरून देश कळतो आणि खुर्ची १९५९च्या आधीची नाही एवढे कळते. लाकडावरून मात्र काहीच ठरत नाही. त्या काळी डॅनिश कारखाने ज्याला टीक म्हणत ते आणि आपले सागवान हे एकच झाड, टेक्टोना ग्रँडिस. युरोपात टीकची जुनी खुर्ची दिसली की माणूस पटकन डेन्मार्कचे नाव घेतो; ठाण्यात त्या तर्काला अर्थ उरत नाही. मामेसासऱ्यांची हकिगत मात्र सहज पटण्यासारखी आहे, कारण मुंबईत डॅनिश मंडळींचा वावर जुना आहे. लार्सन अँड टुब्रो ही कंपनीच दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ साली मुंबईत सुरू केली.

शोधाचा क्रम असा ठेवावा की आधी कारखाना, मग मॉडेल क्रमांक, आणि त्यानंतर रचनाकार. रचनाकाराचे नाव खुर्चीवर बहुधा नसतेच. ‘फ्रान्स अँड सन’ या एकाच कारखान्यासाठी फिन यूल, ओले वान्शर आणि ग्रेटे याल्क अशा वेगवेगळ्या रचनाकारांनी काम केले, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावरून नाव सांगणे धाडसाचे ठरते. मात्र शिक्का काळ सांगतो: १९५७पर्यंत त्याच कारखान्याचे नाव ‘फ्रान्स अँड डाव्हरकोसेन’ होते, म्हणून ते नाव असलेली खुर्ची त्याआधीची.

दोरीकडेही नीट पाहा. डॅनिश रचनाकार हान्स वेग्नर यांच्या १९४९ सालच्या ‘विशबोन’ खुर्चीची बैठक चारही कोपऱ्यांतून मध्याकडे पाकिटासारखी विणलेली असते आणि तिला सुमारे १२० मीटर दोरी लागते. आपली वीण सरळ उभी-आडवी असेल, तर चौकटीच्या आतल्या बाजूला इंग्रजी ‘एल’ आकाराचे छोटे खिळे रांगेने ठोकलेले आहेत का ते पाहा. तसे असतील तर मला नील्स ओटो म्योलर यांची शंका येते. त्यांनी १९४४ साली डेन्मार्कमधल्या आरहूसला आपला कारखाना काढला आणि तिथल्या खुर्च्यांची रचना ते स्वतःच करत, त्यामुळे कारखाना सापडला की रचनाकारही सापडतो.

डागलेली खूण वाचण्यासाठी खोलीत अंधार करून टॉर्च पट्टीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून उजेड टाकल्यास पॉलिशच चमकते. आडव्या उजेडात अक्षरांच्या खाचांत सावली साचते.

घोडबंदर रोड, ठाणे

वरील सल्ल्याला माझ्या अनुभवाची जोड देतो. माझ्या वडिलांच्या अशाच एका खुर्चीच्या तळाशी कागदी लेबल होते. ज्यांना आम्ही पॉलिशला दिली त्यांनी आवडीने तळसुद्धा घासून गुळगुळीत केला, आणि आज ती खुर्ची उत्तम दिसत असली तरी ती कोणाची हे मला कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्या लेबलाची हळहळ मला अजून वाटते.

एक पडताळणी घरच्या घरी होते. चारही खुर्च्यांची बैठकीची रुंदी, मागच्या पायांची जाडी आणि पाठीची उंची टेपने मोजून लिहून ठेवा. कारखान्यात साच्यावर यंत्राने कापलेल्या पायांची मापे मिलिमीटरपर्यंत जुळतात. सुताराने नमुना पाहून हाताने उतरवलेल्या चार नगांत थोडाफार फरक राहतोच.

नौपाडा, ठाणे (प्रश्नकर्ती)

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री दिवे बंद करून टॉर्च आडवा धरला, तेव्हा एका पट्टीवर ‘जे. एल. म्योलर’ आणि खाली ‘मेड इन डेन्मार्क’ एवढे स्पष्ट लागले. तुटलेल्या दोरीच्या जागी आतून पाहिले तर ‘एल’ आकाराच्या खिळ्यांची रांगही आहे. मापे चारही खुर्च्यांची सारखी आली.

वाशी, नवी मुंबई

फारच आनंद झाला. ‘जे. एल. म्योलर’ हे नील्स ओटो म्योलर यांच्याच कारखान्याचे नाव. आता पाठीच्या पट्टीचा वळसा कारखान्याच्या जुन्या चित्रांशी ताडून पाहा. १९५१चे मॉडेल ७१ आणि १९६२चे मॉडेल ७८ यांपासून सुरुवात करा. दोरी बदलायची वेळ आली तर जुने खिळे उपटू देऊ नका, नवी दोरी त्यांनाच अडकवता येते. नायलॉनची दोरी मात्र मुळीच लावू नका.

नौपाडा, ठाणे (प्रश्नकर्ती)

पॉलिशवाल्यांना कळवले आहे. एकाच खुर्चीची बैठक विणून घेणार आहोत, आणि उरलेल्या तिन्ही कोरड्या फडक्याने पुसून, आहेत तशाच टेबलाशी लावल्या आहेत.