मदत हवी आहे : पुण्यातल्या हॉलची तीन कोटेशनं, ताळमेळ कसा लावायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही अमळनेर तालुक्यातले. धाकट्या बहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांवर पुण्यात करायचं ठरलं आहे. मुलाकडचे मूळचे शिरपूरकडचे, पण त्याचे वडील कंपनीत लागल्यापासून चिंचवडलाच स्थायिक. बहिणीची नोकरीही हिंजवडीत. खर्च दोन्हीकडून निम्मा-निम्मा, हे बैठकीतच बोलणं झालं. हॉल बघायचं काम माझ्याकडे आहे आणि तिथेच मी अडकलो आहे.

आपल्याकडे कार्यालय किंवा लॉन्स ठरवायचं म्हणजे दिवसभराचा एक आकडा. आचारी आपला, किराणा आपला, भांडीकुंडी कार्यालयाची, लाइटबिलाचं फार तर वेगळं. पुण्यातून जे कागद हातात आले त्यात प्रत्येकाची मांडणीच निराळी आहे.

पहिला चिंचवडचा एसी हॉल. सकाळची शिफ्ट ८ ते ४, भाडं १,७५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. जेवण त्यांच्याकडूनच घ्यायचं, ताट ६५० रुपये अधिक ५ टक्के, कमीत कमी ५०० ताटं. डेकोरेशनही त्यांच्याच माणसाचं, ८०,००० पासून पुढे, जीएसटी वेगळा. ५०,००० डिपॉझिट.

दुसरं मोशीकडचं लॉन. पूर्ण दिवस १,१०,०००. बाहेरचा केटरर चालतो, पण ताटामागे ४० रुपये रॉयल्टी. लाइट मीटरप्रमाणे, जनरेटर तासावर, साफसफाई वेगळी. जीएसटीचा कागदावर उल्लेखच नाही.

तिसरं वाकडकडचं हॉटेल. 'हॉलचं भाडं शून्य' असं ठळक अक्षरात लिहिलंय, ताट १,४५० अधिक १८ टक्के, किमान ३०० ताटं.

माणसं साधारण ६०० धरली आहेत. त्यातली अडीचशे-तीनशे आमच्याकडून, तीन-चार गाड्या करून येतील. चूलबंद आमंत्रण (म्हणजे घरातल्या सगळ्यांनाच जेवायला बोलावणं) द्यायची आमच्या घरची रीत आहे, त्यामुळे आकडा पन्नास-साठने वरखाली होणारच. आबांचं एकच म्हणणं आहे, गावाहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला बसून जेवायला मिळालं पाहिजे, आणि पानात वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी असली पाहिजे. मलाही ते मनापासून पटतं. या माणसांनी आमच्या घरच्या प्रत्येक कार्यात वाढपी म्हणून कमरेला उपरणं बांधलं आहे.

तर विचारायचं असं, की यातलं खरं स्वस्त कोणतं? एकाच लग्नाच्या जेवणावर एकीकडे ५ आणि दुसरीकडे १८ टक्के कर कसा? ताटांची हमी किती द्यावी? आणि गाड्या पहाटे पाचला पोचल्या तर आठपर्यंत म्हाताऱ्या माणसांनी कुठे बसायचं?

प्रतिसाद (मूळ चोपडा, सध्या निगडी)

भाऊ, भाडं आणि ताट वेगवेगळं बघू नका. सगळं एकत्र करून माणशी काढा, तुमच्याच आकड्यांवर.

चिंचवड : भाडं करासह २,०६,५००. सहाशे ताटांचे ३,९०,००० आणि कर १९,५००. डेकोरेशन करासह ९४,४००. एकूण ७,१०,४००, म्हणजे माणशी ११८४.

हॉटेल : ताटांचेच ८,७०,००० आणि कर १,५६,६००. एकूण १०,२६,६००, माणशी १७११. 'भाडं शून्य' हे भाडं ताटात मुरवलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. किमान ३०० ताटांची अट नसेल तर शंभर-सव्वाशे माणसांच्या साखरपुड्याला हे गणित परवडतं, कारण मोठं भाडं थोड्या माणसांवर पडत नाही. सहाशेला नाही परवडणार.

मोशी : भाड्यावर १८ टक्के लागेल असं धरून चला, १,२९,८००. केटरर ३५० ने मिळाला तर २,१०,०००, रॉयल्टी २४,०००. झाले ३,६३,८००, माणशी सहाशेच्या आसपास. पण यात मांडव-सजावट, लाइट, जनरेटर, केटररचा कर काहीच नाही. लॉनवाल्याला एकच विचारा : मागच्या सीझनला एवढ्याच माणसांच्या लग्नाचं शेवटचं बिल किती झालं होतं? नाव झाकून बिल दाखवायला सांगा. दाखवत असेल तर माणूस सरळ आहे.

प्रतिसाद (धुळे, कर सल्लागार)

कराचं सांगतो. नुसती जागा भाड्याने दिली तर १८ टक्के. जेवणाला साध्या कार्यालयात ५ टक्के. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर गेलेलं आहे तिथल्या जेवणाला १८ टक्के लागतात. तुमच्या तिसऱ्या कागदावरचे १८ यातूनच आले असणार. म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

मोशीच्या कागदावर जीएसटी नंबर आहे का ते बघा. नंबर असेल तर 'आकडा करासह की कराशिवाय' हे त्याच कागदावर लिहून घ्या. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, तेव्हा छोट्या केटररने कर लावला नाही तर त्यात गैर काही नाही. पण नंबर नसताना कोणी कर मागत असेल तर देऊ नका. आणि डिपॉझिट परत मिळणारी रक्कम आहे, तिच्यावर कर लावू देऊ नका.

धार्मिक ट्रस्टच्या, देवस्थानाच्या आवारातल्या हॉलचाही विचार करा. नोंदणीकृत ट्रस्ट असेल आणि हॉलचं भाडं दिवसाला १०,००० च्या आत असेल तर भाड्यावर कर नाही. सहाशे माणसांना एवढ्यात हॉल मिळणं अवघड, पण हळद किंवा आदल्या दिवशीच्या कार्यक्रमाला उपयोग होईल.

प्रतिसाद (चिंचवड, केटरिंगच्या धंद्यात)

ताटांच्या हमीबद्दल. हमी म्हणजे तेवढी माणसं आली नाहीत तरी पैसे द्यायचेच. तुमचा अंदाज ६०० आणि त्यात पन्नास-साठ इकडेतिकडे, तर हमी ५०० चीच ठेवा, ५५० सुद्धा लिहून देऊ नका. पाच-दहा टक्के जास्तीची तयारी आम्ही मंडळी ठेवतोच. वरच्या ताटाचा दर मात्र आत्ताच लिहून घ्या, तो ६५० च राहिला पाहिजे. ऐनवेळी कोणी ८०० सांगितलं तर वाद घालायला वेळ नसतो. पक्का आकडा लग्नाच्या किती दिवस आधी कळवायचा हेही ठरवा.

ताटं मोजायला आमचा एक माणूस असतो. त्याच्याजवळ तुमचा एक जबाबदार माणूस बसवा, आणि पहिल्या पंगतीपासून बसवा, शेवटी नाही. लहान मुलं, ड्रायव्हर, बँडवाले, फोटोग्राफर ही ताटं कशी धरायची हे आधी बोला. तीन-चार गाड्यांचे ड्रायव्हर-क्लीनरच आठ होतात.

बट्टीबद्दल : आधी उकडून मग तळायची, म्हणजे सहाशे माणसांना मोठी कढई, वेगळी शेगडी आणि हात बसलेली माणसं लागतात. एसी हॉलच्या बंदिस्त स्वयंपाकघरात बाहेरच्या आचाऱ्याला सहसा घेत नाहीत. पण पिंपरी-चिंचवडमध्ये खान्देशी वस्ती इतकी मोठी आहे की बट्टी करणारे आचारी इथेच मिळतात. हॉलच्या केटररलाच 'बट्टी आणि भाजी खान्देशी आचाऱ्याकडून करून घ्या, बाकी तुमचं' असं सांगून बघा. फरक पडला तर ताटामागे थोडा पडेल. बसून पंगत हवी असेल तर वाढप्यांचे पैसे वेगळे लागतात, बुफेच्या दरात ते धरलेले नसतात.

प्रतिसाद (भुसावळ)

आम्ही भाचीच्या लग्नाला आळंदीला उतरलो होतो. तिथे धर्मशाळा भरपूर, कार्यालयंही भरपूर. मोशीहून आळंदी जवळ आहे. पहाटे गाड्या धर्मशाळेत नेल्या, आंघोळी, चहा, दर्शन सगळं तिथे झालं आणि माणसं ताजीतवानी होऊन मांडवात गेली. लॉनवर सहाशे माणसांना दोन खोल्या देतात, त्यावर विसंबू नका. मात्र कार्तिकी वारीची आळंदीची एकादशी कधी आहे ते पंचांगात बघा, त्या दिवसांत तिथे जागा मिळत नाही.

तारीखही दोन-तीन ठेवून विचारा. ठळक मुहूर्ताच्या रविवारी एक दर आणि आठवड्याच्या मध्ये किंवा काढीव (गुरुजींकडून खास काढून घेतलेल्या) मुहूर्ताला दुसरा, हे पुण्यात सर्रास आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. माणशी आकडे आबांना मोठ्याने वाचून दाखवले, हॉटेल तिथेच बाद झालं. आता चिंचवड आणि मोशी. माझा कल मोशीकडे आहे, कारण पूर्ण दिवस मिळतो आणि आचारी आपला नेता येतो. आठ ते चारच्या शिफ्टमध्ये मुहूर्त, दोन पंगती आणि पाठवणी उरकायची म्हणजे वडीलधाऱ्यांची ओढाताण होईल, आणि चारनंतरच्या जादा तासाचे पैसे त्यांनी कागदावर लिहिलेलेच नाहीत.

चिंचवडच्या कागदावर 'म्युझिक लायसन्स' म्हणून एक रक्कम आहे, मोशीला नाही. ती द्यावीच लागते का? आणि संध्याकाळी मोशीला गाणी किती वाजेपर्यंत चालतील?

प्रतिसाद (मूळ चोपडा, सध्या निगडी)

लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभातल्या संगीताला कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सूट आहे. ते कलम दाखवून रक्कम काढायला सांगा. कंपनीचा कार्यक्रम असता तर गोष्ट वेगळी होती.

उघड्या लॉनवर स्पीकरला आधी परवानगी लागते आणि रात्री १० ला बंद. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. परवानगी कोण काढणार, लॉनवाला की तुम्ही, हे विचारून घ्या.

मोशी ठरवणार असाल तर पैसे देण्याआधी एकदा संध्याकाळी तिथे दुसऱ्या कोणाचं लग्न चालू असताना जाऊन या. पार्किंगला तुमच्या मोठ्या गाड्या वळतात का, जेवणाच्या जागेवर पत्रा आहे की नुसतं कापड, जनरेटर किती मोठा आहे, हे तेव्हाच दिसतं. बयाणा दिल्यावर पावती घ्या आणि तारीख बदलली तर किती कापणार हे पावतीच्या मागेच लिहून घ्या. मी रविवारी मोकळा आहे, म्हणाल तर सोबत येतो. मोशी निगडीहून लांब नाही.