मदत हवी आहे: फँटसी फॅन्सची मेंबरसंख्या मोजायची तरी कशी?

मंडळी, डोकं चालेनासं झालंय. कॉलेज प्रोजेक्टसाठी फँटसी फॅन्स ऑनलाइन किती ते मांडायचंय, मी हौसेने आर्काइव्ह ऑफ अवर ओन घेतलं, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या पुस्तका-मालिकांवर लिहिलेल्या गोष्टींची (फॅनफिक्शनची) साइट, तेच ते २००९ ला बीटामध्ये (चाचणी रूपात) उघडलेलं नि २०१९ ला ह्यूगो पुरस्कार मिळालेलं. वाटलं एक आकडा उचलायचा नि चार्ट टाकायचा, कसलं काय! अकाउंट नसलं तरी वाचता येतं, कुडोजपण (तिथले लाइक) देता येतात, म्हणजे नुसते वाचणारे अकाउंटच्या आकड्यात नाहीतच. उलट एका अकाउंटवर चार-चार टोपणनावं चालतात, त्यामुळे नावं मोजली की लेखक फुगतात. कुणी गोष्ट 'ऑर्फन' केली, म्हणजे तिच्यावरचं आपलं नाव काढलं, की गोष्ट राहते, लेखक गायब. आणि 'मेंबर' तर भलतेच, साइट चालवणाऱ्या ओटीडब्ल्यू संस्थेला १० डॉलर तरी देणगी दिली की मेंबर, मग बोर्डाच्या निवडणुकीत मत. धरायचं कुणाला? मला अकाउंटचा आकडा सगळ्यात फसवा वाटतो पण सरांना तोच हवाय. फँटसीचे टॅग घेऊन वर्षात एकतरी गोष्ट टाकणारे मोजू का? पण टॅगनिहाय बेरीज केली तर क्रॉसओव्हरवाले (एका गोष्टीत दोन कथाविश्वं एकत्र करणारे) दोनदा येणार ना? कुणी असलं काम केलं असेल तर प्लीज सांगा, शुक्रवारी सबमिशन आहे 😅