आरोग्य विमा: कंपन्या कायले तोलता, आधी दवाखाना पाहा ना!

घाटंजीकर:
राजेहो, पंधरा दिवसांपासून डोक्याचा पार भुगा झाला. घरात आम्ही सहा जण, मी, बायको, दोन पोरं, आई ६३ ची अन् बाबा ७१ चे, बाबांले बारा वर्षांपासून शुगर. मोबाइलवर तीन कंपन्यांचे प्लॅन शेजारी-शेजारी लावले, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं पेनानं रकाने पाडले, हप्ता किती, कव्हर किती, बोनस किती, फुकट चेकअप किती. चौदा रकाने झाले. मग बायको म्हणे, यातला दवाखाना कोणता आहे? तो रकानाच नव्हता!

म्हणून सगळ्यात स्वस्त कंपनीच्या कॅशलेस (बिल कंपनी थेट दवाखान्याले देते ते) यादीतले आपल्या जिल्ह्यातले पाच नंबर लावले. एक लागलाच नाही, एक निव्वळ डोळ्यांचा दवाखाना निघाला, तिसऱ्यानं सांगितलं आमचं टायअप कधीचंच संपलं, चौथा म्हणे आधी डिपॉझिट भरा मग पाहू. एकच नीट बोलला. आता रात्री दोन वाजता बाबांच्या छातीत दुखलं तर मी बोनसचा रकाना घेऊन यवतमाळले जाऊ का? माझं मत असं झालं की कंपनीचं नाव, जाहिरात, अ‍ॅपवरचे तारे हे सगळं नंतर, आधी तास-दीड तासाच्या आतले दवाखाने लिहा, त्यांच्या बिलिंग काउंटरले फोन करा, ते ज्या कंपनीचं नाव चांगलं घेतील तिचाच विमा घ्या. चुकतो का मी?

एक_एकर_तूर:
मुळात घेतोच कायले भाऊ? विमा म्हटलं की मले पीकविमा आठवते. पाणी वावरात गुडघाभर, नेटवर्क नाही, अन् ७२ तासाच्या आत कळवा म्हणे. तेच लोक तेच धंदे. तुमच्याकडं राशन कार्ड आहे ना? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता पांढरं कार्डवालेही आले, पाच लाखापर्यंत उपचार होते, एक रुपया हप्ता नाही. तुमचा स्वस्तवाला प्लॅन कितीचा पडून रायला ते तर सांगा.

घाटंजीकर:
सहाही जण धरून साठ हजाराच्या वर. दोन एकर कापसाचा खर्च निघते त्यात, खरं आहे.

वर्धेची_सून:
तूर भाऊ, योजना चांगलीच आहे, माझ्या सासूबाईंची अँजिओप्लास्टी तिच्यातच झाली, दवाखान्यात योजनेचा माणूस बसते, त्या आरोग्यमित्रानं कागद करून दिले, आम्ही फक्त जेवणाचा डबा नेला. पण ती चालते यादीतल्या उपचाराले आणि यादीतल्याच दवाखान्यात. मागच्या पावसाळ्यात पुतण्याले निमोनिया झाला, पोरगं धापा टाकत होतं, जवळ जो खाजगी दवाखाना होता तिथंच नेलं, तो योजनेत नव्हता, पाच दिवसांत ४५ हजार गेले. त्या वेळी कोणी यादी वाचत बसते का? आणि विमा म्हणजे सगळाच लबाडीचा धंदा असंही नाही हो. सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यात ज्वारी देऊन आरोग्य विमा होता, गावोगावी, सुगीच्या वेळी. माझ्या आजीनं पायलीनं मोजून ज्वारी दिलेली मी ऐकली आहे. तेव्हा लोकांनी विश्वास ठेवलाच ना.

एक_एकर_तूर:
तो दवाखाना स्वतःच विमा देत होता, मधात कंपनी नव्हती. फरक आहे बाई.

विमावाला_भाऊ:
आधीच सांगतो, मी पॉलिसी विकतो, त्यामुळे शिव्या द्यायच्या तर द्या. पण घाटंजीकर, तुमचा हिशेब अर्धा आहे. दवाखान्यांची यादी दर महिन्याले बदलते, आज आहे तो उद्या नसते. जानेवारी २०२४ पासून यादीबाहेरच्या दवाखान्यातही कॅशलेस मागता येते, ठरलेलं ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कळवायचं, इमर्जन्सी असेल तर भरती झाल्यापासून ४८ तासांत. आणि २०२४ मध्येच विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयआरडीएआयनं सांगितलं की कॅशलेसचा निर्णय एका तासात द्या अन् पेशंटले घरी सोडायच्या वेळचा तीन तासांत. म्हणून कंपनी कशी पैसे देते तेच पाहावं लागते, क्लेम सेटलमेंट रेशो पाहा, आमच्या एका कंपनीचा ९५ च्या वर आहे.

घाटंजीकर:
कॅशलेस मागता येते हे खरं, पण दवाखान्यानं हो म्हणायले पाहिजे ना. तालुक्यातला डॉक्टर म्हणते मी कंपनीच्या मागं लागू की पेशंट पाहू. त्याचंही बरोबरच आहे.

राळेगावचा_मास्तर:
त्या ९५ टक्क्यांवर जाऊ नका. शंभर क्लेमपैकी ९५ दिले एवढंच ते सांगते, एक लाखाचं बिल अन् पन्नास हजार दिले तरी ते "दिला" मध्येच मोजलं जाते. दुसरा एक आकडा असते, हप्त्यापोटी जमा झालेल्या शंभर रुपयांतून क्लेमवर किती गेले. निव्वळ आरोग्य विमा करणाऱ्या कंपन्यांचा तो साठ-पासष्टच्या आसपास आणि सरकारी कंपन्यांचा शंभराच्या आसपास राहत आला. तोही डोळे मिटून घेऊ नका, त्यात ऑफिसवाल्यांच्या ग्रुप पॉलिस्या मिसळलेल्या असतात.

माझं स्वतःचं सांगतो, मग पाहा काय तपासायचं ते. तीन लाखाची पॉलिसी, त्यात बारीक अक्षरात खोलीभाडं एक टक्का, म्हणजे दिवसाचे ३,०००. नागपुरात पित्ताशयाचं ऑपरेशन, खोली होती ती ६,००० ची, मुलगा म्हणाला बाबा तीनच हजाराचा फरक आहे, चार दिवसांचे बारा हजार आपण भरू. बिल झालं १,६२,०००. त्यात खोली २४,०००, डॉक्टर-ओटी-नर्सिंग ७८,०००, औषधं आणि तपासण्या ६०,०००. खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून कंपनीनं खोलीचे तर अर्धेच दिले, सोबत डॉक्टर-ओटीचेही अर्धेच, फक्त औषधं-तपासण्या पूर्ण. मिळाले १,११,०००. बारा हजाराच्या ठिकाणी ५१,००० खिशातून गेले. मी चाळीस वर्षं पोरांले त्रैराशिक शिकवलं अन् त्यातच फसलो. त्यामुळे माझ्या मते ना कंपनी ना दवाखाना, आधी पॉलिसीतली खोलीभाड्याची ओळ वाचा.

विमावाला_भाऊ:
सर, याच्यात मी तुमच्यासोबत आहे. ज्याले तुलनाच करायची त्यानं आधी आरोग्य संजीवनीचे दर मागवावे. एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांची ती पॉलिसी सारखीच, खोलीभाडं २ टक्के पण दिवसाले ५,००० पर्यंत, प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के आपल्या खिशातून. अटी एकच म्हणून फक्त हप्ता अन् दवाखाने तोलायचे राहतात. कोण महाग लावून रायला ते लगेच दिसते. जीएसटी तर २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती पॉलिसीवर नाहीच, कोणी लावून दाखवला तर विचारा.

एक_एकर_तूर:
अन् तुमच्यातलाच एक जण माझ्या साळ्याले म्हणे फॉर्मवर शुगर लिहूच नका, हप्ता वाढते. मग क्लेमच्या वेळी जुनी चिठ्ठी सापडली, फेटाळला. याचं काय करायचं?

विमावाला_भाऊ:
त्याले बोलवा अन् धरून मारा, मी मधात पडत नाही. शुगर लिहायचीच. जुन्या आजाराची थांबायची मुदत, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, आधी चार होती. आणि पाच वर्षं पॉलिसी सलग चालली की मग लपवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, मुद्दाम केलेली फसवणूक सोडून. तुमच्या साळ्यानं कंपनीले लेखी तक्रार दिली का? तीस दिवसांत नीट उत्तर नाही आलं तर विमा लोकपाल आहे, पैसे लागत नाहीत.

सिस्टर_दारव्हा:
मी नर्सिंग होममध्ये दहा वर्षं काढली, तुम्ही सगळे मोठाल्या ऑपरेशनचं बोलून रायले. आमच्याकडं रोज काय होते? ताप आला, बाकड्यावर सलाईन लावली, संध्याकाळी घरी. त्याचा क्लेम होत नाही, साधारण २४ तास भरती लागते, मोतीबिंदू-डायलिसिससारखं सोडलं तर. कित्येक लोक माझ्याशी भांडले की सिस्टर आदल्या दिवसाची तारीख टाकून द्या. कशी टाकू? दुसरं म्हणजे लहान दवाखान्याची नोंदणी आहे का पाहा, नसली अन् दहा खाटाही नसल्या तर कंपनी त्याले दवाखानाच मानत नाही. म्हणून घाटंजीकरांचं मले पटते, फोन करा, पण "कॅशलेस आहे का" एवढंच नका विचारू, "मागच्या महिन्यात या कंपनीचे किती पेशंट केले" हे विचारा. उत्तर अडखळलं की समजून जा.

आणि भाऊ, बाबा ७१ चे म्हणता, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं का? ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांले आहे, पाच लाखाचं, शुगरसाठी थांबायची मुदत नाही, खाजगी विमा असला तरी चालते. बाबांले फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराच्या एकाच पॉलिसीत, टाकलं म्हणूनच तुमचा हप्ता एवढा, सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर तो ठरते.

एक_एकर_तूर:
पाहा, शेवटी सरकारीच कार्ड कामी आलं.

वर्धेची_सून:
बाबांपुरतं! पोरं अन् आईचं काय, तेही सांगा ना.

घाटंजीकर:
आज बाबांले घेऊन सेंटरवर गेलो होतो. अंगठा काही केल्या लागेना, कापूस वेचून रेघाच गेल्या, पोरगा म्हणे काका हात धुऊन या, तीनदा धुतला. मग ओटीपीवर झालं, नंबर माझ्या जुन्या सिमचा निघाला, घरी जाऊन डब्यातून काढून आणला. बाबांले काढून पाचांचा दर पुन्हा मागवला, अर्ध्यावर आला. मास्तरांची खोलीभाड्याची ओळ शोधली तर स्वस्तवाल्यात एक टक्काच होता, तो कटला. राहिले दोन. सिस्टर, तो मागच्या महिन्यातल्या पेशंटचा प्रश्न एका काउंटरवर विचारला, बाई म्हणे "तुम्ही कोणत्या ऑफिसातून बोलता?"