मुंबईच्या प्राइड मोर्चाला बडोद्याहून जाताना : अनुभव धागा

धागाकर्ती : मुंबईचा प्राइड मोर्चा, म्हणजे समलिंगी, पारलिंगी (ट्रान्स) अशा सगळ्यांचा अभिमान मोर्चा, बहुधा जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत निघतो. उत्तरायणाचे पतंग उतरले की बडोद्यातली मंडळी एकमेकांना विचारू लागतात. ‘खूप छान वाटलं’ हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ते सोडून काय न्यायचं, कुठे अडतं आणि का, एवढंच लिहा.

रावपुरा_रात्रगाडी : अंतर साधारण ३९० किमी, रात्रीची गाडी सोयीची. जमल्यास मुंबई सेंट्रलपर्यंत जाणारी घ्या. मोर्चा ऑगस्ट क्रांती मैदानावरून असेल तर ग्रँट रोड जवळ पडतं, पण फास्ट लोकल तिथे थांबत नाही, स्लो पकडा. आझाद मैदान असेल तर चर्चगेट किंवा सीएसएमटी. जागा आणि वेळ आयोजकांच्या पानावर आदल्या रात्री पुन्हा बघा, कारण ती खरंच बदलते. २०२० साली ऑगस्ट क्रांती मैदानाहून मोर्चाला परवानगी मिळाली नाही आणि आझाद मैदानात फक्त सभा झाली.
पारलिंगी मित्रमैत्रिणींनो, नाव बदललंय पण आधार जुनंच असेल तर आरक्षणही जुन्याच नावाने करा. टीसी ओळखपत्रच बघतो, आणि रात्री दोन वाजता डब्यात खुलासे देत बसणं नको.

मॅचिंगवाली : तयार इंद्रधनुषी झेंडे महाग आणि पॉलिएस्टरचे. मंगळबाजारातल्या ब्लाउजच्या मॅचिंग दुकानात टू बाय टू रुबियात सहाही रंग मिळतात : वरून लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंची असतो. प्रत्येक रंगाचं १.६ मीटर घेतलं की १८ सेंमीच्या पाच पट्ट्या निघतात, म्हणजे पाच झेंडे. शिवणीत दोन्हीकडून दीड-दीड सेंमी गेलं की पट्टी १५ सेंमी उरते आणि झेंडा ९० बाय १५० होतो. कापण्याआधी लाल आणि जांभळा वेगळा भिजवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात पिवळ्याची वाट.

दांडिया_बाजार : काठीचं काय? बांबू चालतो?

मॅचिंगवाली : बांबू बंदोबस्तावरचे पोलीस बाजूला ठेवायला लावू शकतात. कापडाचा तागा ज्यावर गुंडाळतात ती पुठ्ठ्याची नळी दुकानदाराकडे मागा, बहुतेक फुकट देतो.

पाटीवाला : फलकासाठी ३ मिमी सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड). पुठ्ठा घामाने आणि पाण्याने दुपारपर्यंत मऊ पडतो. अक्षर किमान ५ सेंमी उंच आणि शब्द पाचाच्या आत. देवनागरीत वरखाली मात्रा-उकार येतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा; नाहीतर लांबून नुसता काळा पट्टा दिसतो. माझं मत विचाराल तर मुंबईत मराठी फलकच न्या. इंग्रजी फलक मोर्चातलेच लोक वाचतात, ‘आम्ही इथलेच’ मात्र फुटपाथवरचा दुकानदार आणि हवालदारही वाचतो.

फतेगंज_क्ष : ज्यांनी घरी सांगितलेलं नाही त्यांच्यासाठी. मोर्चा रस्त्यावर असतो, छायाचित्रकार परवानगी विचारत बसत नाहीत. कॅमेरे सुरुवातीच्या जागी आणि पहिल्या बॅनरसमोर गोळा होतात; तुम्ही मधे, रस्त्याच्या आतल्या अंगाला चाला. मुखवट्याने चेहरा झाकला तरी बूट, घड्याळ, गोंदण आणि रोजची सॅक माणूस ओळखून देतात. आपल्या बडोद्याच्या मराठी वर्तुळात तर अर्धी मावशीमंडळी एकमेकांना चालीवरून ओळखतात! म्हणून एखादी जुनी चप्पल, पूर्ण बाह्या, उसनी पिशवी.
खरा घोळ फोन करतो. फोटोंचा आपोआप बॅकअप घरच्यांच्या सामायिक अल्बममध्ये जाऊन बसतो. निघण्याआधी तो आणि लोकेशन बंद करा. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस कोणाला दिसतं ते तपासा. दुसऱ्याचा चेहरा टाकायचा तर विचारून, नाहीतर वर ठळक स्टिकर लावा. हलक्या धूसर चेहऱ्यालाही ओळखीचे लोक ओळखतात. गर्दीत नेटवर्क जातं, म्हणून दोन नंबर कागदावर लिहून खिशात.

कोठीकर : कायद्याचं थोडक्यात. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, पण मोर्चात चालणं त्याआधीही गुन्हा नव्हता. अडचण येते ती परवानगीच्या अटींवरून : ठरलेला मार्ग, वेळ, ध्वनिक्षेपक. घोषणा आयोजकांच्या यादीतल्याच द्या. २०२०च्या त्याच सभेतल्या काही घोषणांवरून राजद्रोहाचा गुन्हा नोंदला गेला होता.

सयाजीबाग_आई : मुलांबरोबर येणाऱ्या आईवडिलांनो, चाल फार सावकाश असते. मधे थांबे, आणि उभं राहूनच गुडघे जास्त दुखतात. सगळं चालायची सक्ती नाही, शेवटच्या टप्प्यात येऊन मिळालात तरी चालतं. माणशी दीड लिटर पाणी, ओआरएस, दुपारची गोळी. स्वच्छतागृह स्टेशनावरच उरकून घ्या.

धागाकर्ती : चेहरा रंगवणाऱ्यांना कुणीतरी सांगा.

मॅचिंगवाली : पोस्टर कलर नको, त्वचा जळजळते. फेस पेंट घ्या आणि आदल्या दिवशी कानामागे लावून बघा. चमकी प्रसाधनाचीच हवी, हस्तकलेची डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडे पडतात. पाण्याचा रंग साबणाने जातो, तेलकट रंगाला आधी खोबरेल. ओल्या टिश्यूने तो नुसता पसरतो, तेव्हा परतीच्या गाडीआधी वीस मिनिटं हाताशी ठेवा.