‘स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे’ हे पालुपद आता थांबवा

रात्रपाळी:
हे वाक्य इतकं घोकून घेतलं जातं की नवी मुलं स्नॅपशॉट (डिस्कवरचा डेटा एका क्षणी जसा होता त्याची टिपलेली स्थिती) लावायचंच सोडून देतात. माझं मत उलट आहे. रोजच्या रडारडीत माणसाला वाचवतो तो स्नॅपशॉटच.

परवाचीच गोष्ट. सहकाऱ्याच्या स्क्रिप्टमध्ये पाथ चुकला आणि सामायिक सर्व्हरवरचा हिशेबाचा अख्खा फोल्डर उडाला. झेडएफएसवर (डिस्कवरच्या फाइली सांभाळणाऱ्या यंत्रणेवर) दर पंधरा मिनिटांनी स्नॅपशॉट होता. रोलबॅक केला नाही, म्हणजे सगळंच त्या स्नॅपशॉटच्या वेळेवर मागे नेलं नाही, कारण मग त्या पंधरा मिनिटांत बाकीच्यांनी केलेलं कामही गेलं असतं. स्नॅपशॉटच्या लपलेल्या फोल्डरात शिरलो, फक्त तेवढ्या फाइली उचलून जागेवर ठेवल्या. अकरा मिनिटांत काम झालं. रात्रीचा बॅकअप वापरला असता तर दिवसभराच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या असत्या.

तबकडी:
फाइल उडाली आणि परत मिळाली, मान्य. पण स्नॅपशॉट ही वेगळी प्रत नसतेच, म्हणून तर तो क्षणात होतो. जुने ब्लॉक (डिस्कवरचे डेटाचे छोटे तुकडे) पुसायचे नाहीत, नवं लिखाण दुसरीकडे करायचं, एवढाच तो करार. न बदललेला ब्लॉक डिस्कवर एकदाच असतो. तो खराब झाला की मूळ फाइलही गेली आणि तिचे नव्वद स्नॅपशॉटही गेले.

मी हे भोगलंय. रेडमधली (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून जोडलेल्या डिस्कमधली) एक डिस्क बदलली, नव्या डिस्कवर डेटा भरणारं रीबिल्ड चालू असताना दुसरी गेली. स्नॅपशॉटची यादी कागदावर छापलेली होती, डेटा शून्य. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांनी काय करायचं होतं?

रात्रपाळी:
मग गिटलॅब या कोड साठवायच्या सेवेचं बघा. ३१ जानेवारी २०१७ ला इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. रोजचा डंप (डेटाबेसची फाइलीत काढलेली प्रत) शोधायला गेले तर तिथे काहीच नाही: डंप घेणारा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा, डेटाबेस ९.६ चा, म्हणून डंप होतच नव्हता. अपयशाचे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. वाचवलं ते सहा तासांपूर्वीच्या एलव्हीएम (लिनक्समधली डिस्कची जागा वाटून देणारी सोय) स्नॅपशॉटने.

तबकडी:
अर्धीच गोष्ट सांगताय. तो स्नॅपशॉट एकाने हाताने घेतला होता, तोही स्टेजिंग (चाचणीचा सर्व्हर) ताजं करायला. आणि डेटा परत आणला तो स्टेजिंगवर गेलेल्या प्रतीवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून. तिथल्या डिस्क मंद, म्हणून कॉपीलाच अठरा तासांच्या आसपास गेले. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

कमिट_झालं_का:
तुम्ही दोघं फाइलींबद्दलच बोलताय. डेटाबेसचं काय? आमच्याकडे डेटा एका व्हॉल्यूमवर (डिस्कच्या स्वतंत्र भागावर), बदलांची नोंद ठेवणारा लॉग दुसऱ्यावर, आणि दोन्हींचे स्नॅपशॉट काही सेकंदांच्या फरकाने व्हायचे. चाचणीला उभा करायला घेतला तर डेटाबेस सुरूच होईना. दोन्ही व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट एकाच क्षणी झाला तर वीज गेल्यावर सावरतो तसा डेटाबेस सावरतो. ते जमत नसेल तर आधी डेटाबेसला बॅकअप मोडमध्ये (प्रत घेतली जातेय हे त्याला कळवणाऱ्या स्थितीत) घाला आणि लॉगही राखून ठेवा.

कुलूपकिल्ली:
मला खरी भीती रॅन्समवेअरची (फाइली एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमची) वाटते. हल्लेखोर ॲडमिन झाला की विंडोजच्या शॅडो कॉपी (तिथले स्नॅपशॉट) एका कमांडने पुसतो. हे तर नेहमीचंच झालंय. दुसरा धोका कुणी बोलत नाही. फाइली एन्क्रिप्ट होऊ लागल्या की जवळजवळ प्रत्येक ब्लॉक बदलतो, स्नॅपशॉट फुगतात, जागा संपत येते. मग ‘जागा कमी पडली तर सर्वांत जुना पुसा’ हा आपणच लावलेला नियम चांगल्या प्रती एकेक करून पुसत जातो. तो नियम बंद करा, आणि स्नॅपशॉट अचानक फुगला तर अलार्म वाजू द्या. हल्ला कळायची ती पहिली खूण असू शकते.

रात्रपाळी:
हा नियम आमच्याकडे चालू आहे. आत्ताच बंद केला.

तरी माझं म्हणणं सोडत नाही. दुसऱ्या मशीनवर प्रत पाठवायची तरी पाया स्नॅपशॉटच आहे. झेडएफएसच्या सेंड-रिसीव्हमध्ये (स्नॅपशॉट दुसऱ्या मशीनवर पाठवायच्या सोयीत) दोन स्नॅपशॉटमधला फरक तेवढाच जातो, म्हणून दर तासाला पाठवणं परवडतं. दुसरं मशीन आम्हीही ठेवलंय, आणि प्रत तेच ओढून घेतं; मुख्य सर्व्हरकडे त्याची किल्ली नाही.

तबकडी:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मी एवढा भांडलो नसतो. त्या दुसऱ्या मशीनवरून परत आणून कधी पाहिलंय का?

रात्रपाळी:
एकेक फाइल आणलीय. पूर्ण व्हॉल्यूम नाही.

कुलूपकिल्ली:
आणि त्या मशीनचं ॲडमिन लॉगिन कुठलं? मुख्य सर्व्हरच्याच डोमेनमधलं (त्याच लॉगिन-व्यवस्थेतलं) असेल तर किल्ली वेगळी ठेवून काय उपयोग?

रात्रपाळी:
त्याच डोमेनमधलं आहे. उद्या सकाळी पहिलं काम तेच, मग पूर्ण व्हॉल्यूम उभा करून बघतो.