डबल बुटांवर चालतील अशा आखूड स्की: पहिली जोडी सोलली गेली, दुसरी कशी करू?

रबाळ्याचा फायबरवाला

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत माझा एफआरपीचा (काचतंतू आणि रेझिनच्या फायबरचा) छोटा गाळा आहे. टाक्यांची झाकणं, मशीनची कव्हरं, गणपतीत एखादं मखर, असलं काम. राहायला ऐरोली.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मनालीजवळच्या फ्रेंडशिप पीकला (५,२८९ मी.) गेलो होतो. पहाटे बर्फ टणक होता तोवर मजा आली. परतताना ऊन चढलं आणि प्रत्येक पाऊल मांडीपर्यंत रुतायला लागलं. बकरथाचला पोचेपर्यंत कंबर गेली. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय: सॅकला बांधता येतील आणि गिर्यारोहणाच्याच डबल (आत वेगळा मऊ बूट असलेल्या) बुटांवर बसतील अशा आखूड स्की.

साधा हिशोब केला. बुटाचा तळवा साधारण ३०० चौ. सेमी. सॅकसकट माझे ९० किलो एका पायावर आले की दर चौ. सेमीला ३०० ग्रॅम. ११० बाय १० सेमीची फळी घातली की तेच ८२ ग्रॅमवर येतं.

गाळ्यात होतं त्यातूनच पहिली जोडी केली. मध्ये ९ मिमी मरीन प्लाय, वर-खाली काचतंतूंच्या मॅटचे दोन-दोन थर, नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन, तळाला भाजी कापायच्या पांढऱ्या बोर्डाची ३ मिमी शीट. एका स्कीचं वजन १ किलो ६०० ग्रॅम. ९० सेमी अंतरावर दोन स्टुलं ठेवून मधोमध २० किलोचा कॅन लटकवला तर २५ मिमी वाकली. म्हटलं, जमलं. मग वर उभा राहून हाललो. तिसऱ्या हिसक्याला तळाची शीट टोकापासून अर्ध्यापर्यंत सोलून आली. एक धागा चिकटलेला नाही, केळ्याचं साल जसं. बायको म्हणाली, आता आईस्क्रीमच्या काड्या करा.

तर तळाचं प्लास्टिक चिकटवायचं कसं? पॉलिएस्टर चालेल का? आणि कडेला स्टीलची एज हवीच का?

रंधा_आणि_पटाशी

दादा, आधी प्लाय काढा. त्यातले निम्मे थर आडवे असतात, ते लांबीच्या वाकाला जवळजवळ काहीच देत नाहीत, नुसतं वजन. पॉप्लरच्या सरळ रेषेच्या पट्ट्या घ्या, हवं तर कडेला माणगा बांबूची एकेक पट्टी. सागाच्या मोहात पडू नका, जड होईल. जाडी मधे ११, टोकांना २-३ मिमीपर्यंत रंधून उतरवा. कडकपणा जाडीच्या घनात वाढतो. ९ ची ११ केली तर नुसत्या लाकडातच १.८ पट. म्हणून रंधा मारताना व्हर्नियर हातात ठेवा, डोळ्यावर जाऊ नका.

रेझिनमाशी

कटिंग बोर्डाला मी मी म्हणणारं रेझिन चिकटत नाही, पॉलिएथिलीन आहे ते. स्कीच्या तळाला लागतं ते जास्त रेणूभाराचं पॉलिएथिलीन, १.२ ते १.५ मिमी, आणि एका बाजूने ज्योत फिरवून तयार केलेलं मिळतं. नाही मिळालं तर आधी पॉलिश पेपर मारा, मग बर्नरची निळी ज्योत भरभर फिरवा. शीट वितळता कामा नये. तपासायचं सोपं: वर पाणी शिंपडा. थेंब-थेंब गोळा झालं तर नापास, सपाट पसरलं तर पास.

पॉलिएस्टर सोडा. ते आकसतं, ठिसूळ असतं आणि लाकडाला धरत नाही. इपॉक्सी घ्या, मॅटऐवजी विणलेलं कापड. दाबासाठी एसीवाल्याचा व्हॅक्यूम पंप एक दिवस भाड्याने आणा. ११०० चौ. सेमीवर, दर चौ. सेमीला ०.९ किलो म्हणजे जवळजवळ एक टन, तोही सगळीकडे सारखा. शिकंजे लावून हे होणार नाही.

सध्याच्या पावसात इपॉक्सीवर मेणचट थर येतो. पुढचा थर देण्याआधी तो पाण्याने घासून धुवा, नाहीतर तिथेच सोलेल.

औलीची_पायपीट

वर सगळे गोंदाचं बोलताहेत, मी पायाचं बोलते. आखूड स्कीत नवल काही नाही. ऑस्ट्रियात मऊ झालेल्या बर्फावरून उतरायला साध्या बुटांवर ‘फर्नग्लायटर’ वापरतात, याहूनही आखूड. अल्ताईतले लोक तळाला घोड्याचं केसाळ कातडं लावून चढतात. केस मागे झुकलेले, म्हणून पुढे सरकतं, मागे घसरत नाही. तुम्हीही निम्म्या तळाला स्किन (तसल्याच केसाळ कापडाची पट्टी) कायमची लावा. घसरायचा वेग कमी होईल, पण उतरताना जीव शांत राहील.

पहिल्या नमुन्याला स्टीलची एज नको. टणक बर्फावर तिरकं जायची वेळ आली तर स्की काढून क्रॅम्पॉन (बुटाखालचे लोखंडी खिळे) घालायचे, एवढा शहाणपणा ठेवा. बाइंडिंगखाली (बूट स्कीला धरून ठेवतं ते) मात्र पॉप्लरमध्ये नुसते स्क्रू पिळू नका, उपटून येतील. तुम्ही फायबरवाले आहात, ४ मिमीची एफआरपी पट्टी कोअरमध्येच, म्हणजे मधल्या लाकडात, बसवा. आणि हिमस्खलनाची शक्यता असलेल्या उतारावर हे न्यायचंच नाही. पट्ट्याने बांधलेली स्की पायातून सुटत नाही, बर्फात नांगरासारखी खाली खेचते.

रबाळ्याचा फायबरवाला

ताई, नांगराचं वाक्य लिहून गाळ्यात चिकटवलं.

दुसरी जोडी झाली. ९५० ग्रॅम, एफआरपी पट्टीसकट. हिसके दिले, उड्या मारल्या, तळ जागचा हलला नाही. पण दिवाळे कोळीवाड्यातल्या ओळखीच्या मासेवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ला रात्रभर तिरकी ठेवली, तर सकाळी ४ मिमीचा कॅम्बर (मधला उचललेला बाक) ७ झालेला! बाहेर काढून तासाभराने पुन्हा ४. हे काय भूत?

रेझिनमाशी

भूत नाही, पॉलिएथिलीन. गाळ्यात ३३ अंशांना चिकटवलंत, फ्रीझरमध्ये ५१ अंश खाली गेलात. मोकळी असती तर तेवढी शीट आठेक मिमी आकसली असती. काच-इपॉक्सी त्या मानाने फारच कमी. खालचा थर आखडला की टोकं खाली, मध्य वर. कारखान्याच्या स्कीत तळाकडची स्टीलची एज बरीचशी लगाम घालते, तुमच्याकडे ती नाही. तीच शीट वरूनही लावा, शंभरेक ग्रॅम वाढतील. वर-खाली दोघंही सारखेच ओढतील.

रबाळ्याचा फायबरवाला

वरची शीट रविवारी लावतो, पंप सोमवारी सकाळी परत द्यायचाय. फ्रीझरचं काय ते विचारून आलो. मासेवाला म्हणतो, श्रावणात अर्धा रिकामाच असतो, खुशाल ठेव, फक्त मांदेलीचा वास आला तर मला बोलू नको. नारळी पौर्णिमा झाली, बोटी गेल्या की तुझी लाकडं बाहेर.