अनुभव धागा : ती पिशवी माझ्यासाठी आली तेव्हा

१ ऑक्टोबर, राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन. आज गावोगावी रक्तदात्यांचे सत्कार होतील आणि ते व्हायलाच हवेत. पण ते रक्त पुढे ज्याच्या अंगात जातं, त्याला फारसं कोणी विचारत नाही. देणाऱ्याला घेणाऱ्याचं नाव कळत नाही आणि घेणाऱ्याला देणाऱ्याचं. म्हणून हा धागा फक्त घेणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. खरं नाव नको, टोपणनावाने लिहा. आजाराची सगळी फाइल नको. रक्त मिळाल्यावर काय बदललं, तेवढं लिहा.

तिसरा आठवडा

मला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयार न होण्याचा जन्मजात आजार. वय तिशीत. अगदी तान्ही असल्यापासून दर तीन आठवड्यांनी रक्त घेते. आई-बाबा दोघंही मायनर, म्हणजे वाहक. त्यांना स्वतःला कसलाच त्रास नाही, त्यामुळे लग्नाआधी तपासायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

तारीख जवळ आली की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. पहिल्या मजल्यावरच धाप लागते, दुपारी डोकं जड होतं, उगाच चिडचिड होते. मग पिशव्या लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कडकडून भूक लागते. हो, सगळ्यांत आधी भूकच! दोन दिवसांत नखांवर गुलाबी रंग येतो. बारावीचे पेपर, नोकरीची मुलाखत, माझी हळद, सगळं आम्ही या तारखांवर बेतलं.

रक्ताबरोबर लोह येतं. जास्तीचं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही, ते हृदयात आणि यकृतात साठत जातं. ते बाहेर काढायला लहानपणी मी पोटाला औषधाची सुई आणि पंप लावून झोपायचे, आता गोळी पाण्यात विरघळवून घेते. नव्या पालकांना हात जोडून सांगते, रक्ताइतकीच ही गोळीही महत्त्वाची आहे. कंटाळा करू नका.

माझा राग आहे तो मे महिन्यावर. कॉलेजं बंद, माणसं गावी, शिबिरं होत नाहीत. लाल पेशी टिकतात ३५ ते ४२ दिवस, त्यामुळे साठवून तरी किती ठेवणार? दोनाच्या जागी एकच पिशवी मिळते आणि मग सगळा उन्हाळा पलंगावर जातो. मला बिचारी म्हणू नका. मेमध्ये रक्त द्या.

कोरांटी

ताई, माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय. ही तपासणी कुठली?

तिसरा आठवडा

हिमोग्लोबिन ए-टू मोजतात ती, एचपीएलसी सांगितलं की लॅबवाल्यांना कळतं. आयुष्यात एकदाच करायची. दोघंही मायनर निघाले तर प्रत्येक खेपेला मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक असते. गरोदरपणी गर्भाची तपासणी करता येते. कृपा करून नक्की करा.

रानजाई

कोकणात, तालुक्याच्या गावी बाळंतपण. बाळ रडलं, मी हसले आणि मग कानात शिट्टी वाजायला लागली. गर्भाशय आकसलंच नाही, रक्तस्राव थांबेना. डॉक्टरबाईंनी पोट दाबून धरलेलं आणि मला भयंकर थंडी वाजत होती, एवढं आठवतं.

नवरा बाहेर "माझं घ्या, माझं घ्या" म्हणत होता. पण काढलेलं रक्त लगेच देता येत नाही. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या तपासण्या आधी व्हाव्या लागतात, आणि माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता. मला जगवलं ते कोणीतरी आधीच देऊन फ्रीजमध्ये असलेल्या रक्ताने. त्या माणसाने दिलं तेव्हा मी घरी बसून बाळाची झबली शिवत असेन. मला आता रक्त देता येईल का? लेक दोन वर्षांची आहे, अजून अंगावर पिते.

जुना वाडा

आमचे अण्णा बरे झाले नाहीत, हे आधीच सांगते. अस्थिमज्जाच नीट रक्त तयार करत नव्हती आणि त्या वयात मोठे उपचार झेपणारे नव्हते. रक्त चढवलं की दहा-बारा दिवस ते अण्णा असायचे. पारावर जायचे, नातवाला पाढे विचारायचे, भाजीत मीठ कमी म्हणून भांडायचे. मग पुन्हा विझायचे. शेवटी अंतर कमी कमी होत गेलं. एका नातेवाइकाने विचारलं, आता कशाला वाया घालवता? ते दिवस वाया गेले नाहीत. आमच्या घरात ते सगळ्यांनी पुरेपूर जगून घेतले.

दहा हजारांत एक

माझा गट कागदोपत्री ओ पॉझिटिव्ह. ऑपरेशनच्या आधी क्रॉसमॅच केलं, म्हणजे पिशवीतलं रक्त माझ्या रक्ताशी जुळवून पाहिलं, तर ओ गटाच्या एकाही पिशवीशी जुळेना. तंत्रज्ञ मुलीने चिकाटीने पुढच्या चाचण्या केल्या. निघाला बॉम्बे ग्रुप. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२मध्ये मुंबईत शोधलेला. ओ गटाच्या पेशींवर जो एच घटक भरपूर असतो, तोच आमच्याकडे नाही, म्हणून ओ गटाचं रक्तही आम्हाला घातक. दुसऱ्या जिल्ह्यातला एक दाता रात्रीच्या एसटीने आला, रक्त दिलं आणि चहा घेऊन परत गेला. त्या मुलीने घाई केली असती तर मी हे लिहायला नसतो.

परळचा मुक्काम

मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. केमोनंतर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, इतक्या उतरायच्या की हिरड्यांतून रक्त आणि अंगभर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात, त्यामुळे दाता त्या आठवड्यातलाच लागतो. ऐन दिवाळीत एका मंडळाची पोरं आळीपाळीने यायची. एकेकाचं रक्त यंत्रातून फिरवून प्लेटलेट तेवढ्या काढून घेतात, बाकीचं त्याला परत. तास-दीड तास हात हलवायचा नाही. घरी फराळ वाट बघत असताना! मुलगा आता शाळेत जातो. त्या पोरांपैकी कोणी हे वाचत असेल तर कळावं, म्हणून लिहिलं.

धागाकर्ती

रानजाई, रक्त घेतल्यावर आणि बाळंतपणानंतरही बारा महिने थांबावं लागतं, आणि अंगावर पाजत असेपर्यंत देता येत नाही. त्यानंतर वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असलं तर जरूर दे. बायकांना दर चार महिन्यांनी देता येतं.

सिकलसेलचा, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा, अनुभव अजून एकही आलेला नाही. नंदुरबार, गडचिरोलीकडचं कोणी असेल तर लिहा, वाट बघते.